तिसऱ्या दिवशी टाकलेली प्लेट

४ जुलै

चिमे,

फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण एवढं एक पान वाचून मग फाड. फोन तू घेत नाहीस. दीड वर्ष मी करते आहे आणि तू कापते आहेस. आता तर तो वाजतही नाही, म्हणजे माझा नंबरच तू बंद करून टाकलेला दिसतोय. म्हणून हा कागद. तुझी लेक शाळेत शिकवायला जाताना रोज आमच्या हॉस्पिटलवरून जाते, तिच्या हातात देते आहे. तिला बिचारीला मधल्या मध्ये बोलू नकोस.

भांडायला लिहीत नाहीये. भांडायला अंगात त्राण लागतं, ते माझ्यात उरलेलं नाही. रिटायर व्हायला दोन वर्षं आहेत आणि लॅबचे तीन जिने चढताना मी तीनदा थांबते. थांबले की कुणीतरी वरून विचारतं, "ताई, काही हरवलं का?" मी म्हणते, "हो, गुडघे."

तीन महिन्यांपूर्वी आमच्याकडे नव्या डॉक्टर मॅडम आल्या. वयाने माझ्या निम्म्या. आल्या त्या दिवशीच मला विचारलं, "ताई, कल्चरच्या प्लेटा किती दिवस ठेवता?" तुला आठवत असेल, मी तुला एकदा दाखवलं होतं. रुग्णाच्या रक्तातले जंतू त्या गोल प्लेटवर वाढवायचे आणि कोणते आहेत ते ओळखायचं. मी म्हटलं, "दोन दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळी वाफेला." म्हणजे वाफेच्या यंत्रात घालून मारून टाकायच्या. इन्क्युबेटर एकच, रोज नवीन प्लेटा येणार, जुन्या ठेवायच्या कुठे? सत्तावीस वर्षांपूर्वी हा नियम मीच घातला आणि नंतर आलेल्या प्रत्येकाला मीच शिकवला. मॅडम म्हणाल्या, "आजपासून सात दिवस ठेवायच्या." माझ्या तर कपाळावर आठ्या पडल्या. वाफेचं यंत्र चालवणाऱ्या आमच्या वाफवाल्या बाई म्हणाल्या, "मग काय, आता प्लेटांना पेन्शनही द्यायची का?"

पण मागच्या महिन्यात एक वीटभट्टीवरचा माणूस आला. ताप, खोकला, अंगात साखर. त्याच्या प्लेटवर दुसऱ्या दिवशी नुसते टाचणीच्या टोकाएवढे ठिपके होते. माझ्या हिशेबाने त्या प्लेटा वाफेला गेल्या असत्या. चौथ्या दिवशी ते ठिपके कोरडे झाले आणि दुधावरची साय ओढली की सुरकुतते तसे सुरकुतले. मॅडम खुर्चीतून उठल्याच. मेलिऑइडोसिस म्हणे. नाव घेताना माझी जीभ अजून अडखळते. या आजाराचा जंतू ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतो आणि कापल्या-खरचटलेल्या जागेतून अंगात शिरतो. साखरेचा आजार असलेल्यांना जास्त धरतो. तापावर आपण नेहमी देतो ती इंजेक्शनं याला लागूच पडत नाहीत. लवकर ओळखला तर माणूस वाचतो, नाहीतर हां हां म्हणता हाताबाहेर जातो.

तर सांगायचं एवढंच. तू दिवसभर त्या रोपवाटिकेच्या चिखलात असतेस आणि तुला साखर आहे. गमबूट घाल. हातमोजे घाल. अंगात कणकण वाटली तर पहिल्याच दिवशी ये.

तुझे बागवाले गेले, त्या वेळचा याच्याशी काही संबंध नाही. ते वेगळं होतं. उगाच डोक्यात काही घेऊ नकोस.

ताई


१९ जुलै

चिमे,

लेक म्हणाली, पत्र तू वाचलंस आणि घडी करून कुंडीखाली ठेवलंस. फाडलं नाहीस ना, झालं तर. गमबुटांबद्दल विचारलं तर म्हणाली, "आई म्हणते, त्यात पाय शिजतात." शिजू देत की गं.

इथे मॅडमनी सगळी लॅब पालथी घातली आहे. कडेचं जुनं कपाट रिकामं करून दुसरा इन्क्युबेटर बसवला. प्लेट आता नाकाजवळ न्यायची नाही, उघड्यावर झाकण काढायचं नाही. मी इतकी वर्षं प्लेटा हुंगून जंतू ओळखत आले आणि त्याचा मला केवढा तोरा होता! मॅडम शांतपणे म्हणाल्या, "ताई, तुमचं नाक शाबूत आहे हे नशीब समजा." रक्ताच्या बाटलीत काही वाढलं की त्याच दिवशी त्यातला थेंब काचेवर घेऊन, ती काच रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. प्लेटवर न ओळखता येणारं काही दिसलं की औषध लावलेल्या कागदाच्या तीन चकत्या त्यावर ठेवायच्या. दोन चकत्यांना जंतू दाद देत नाही आणि तिसरीपुढे मरतो, असं झालं की संशय पक्का. आणि छापील रिपोर्टची वाट बघायची नाही, तडक वॉर्डात फोन करायचा. आधी पाच-सहा दिवस लागायचे, आता दोन दिवसांत निदान अंदाज तरी सांगता येतो. एवढं साधं होतं बघ.

पूर्वी आम्ही काय करायचो, सांगू? न ओळखता येणारं काही वाढलं की नोंदवहीत लिहायचो, "कचरा". म्हणजे बाटलीत हवेतली घाण गेली असणार, नमुना फुकट गेला. वॉर्डात कळवायचं, दूषित नमुना, पुन्हा पाठवा. एक शब्द लिहिला की काम संपलं.

मॅडमनी मागच्या तीन वर्षांच्या नोंदवह्या काढायला लावल्या. किती वेळा "कचरा" लिहिलं ते मोजायचं म्हणे. मी चार दिवस तेच करते आहे. डोळे गेले कामातून. विशेष काही सापडलं नाही.

तुझ्या सासूबाईंची तब्येत बरी आहे ना? त्यांना माझा नमस्कार सांग असं लिहिणार होते, पण राहू दे.

ताई


२६ जुलै

चिमे,

लेक आत्ता येऊन गेली. तुला चार दिवसांपासून ताप आहे आणि तू कुणाला सांगायला बंदी केली आहेस म्हणे! पोटरीवर फोड आला आहे आणि तू त्यावर हळद लावून कामाला जाते आहेस. अगं, तुला अक्कल आहे का?

हॉस्पिटलात पाय ठेवणार नाही म्हणतेस. ठीक आहे, नको ठेवूस. मी मॅडमशी बोलले. लेकीसोबत रक्ताच्या दोन बाटल्या पाठवते आहे. तुमच्या गल्लीतल्या डॉक्टरांना मॅडमनी फोन केला आहे, ते घरी येऊन रक्त काढतील. त्याआधी तापाची दुसरी कुठलीही औषधं घेऊ नकोस, नाहीतर जंतू प्लेटवर दिसायचे नाहीत. आणि भरलेल्या बाटल्या फ्रिजमध्ये ठेवू नकोस. लोक दुधाच्या पिशव्यांशेजारी ठेवतात आणि मग जंतू वाढतच नाहीत. टेबलावर ठेव आणि लगेच लेकीकडे दे.

राग माझ्यावर काढ, स्वतःच्या अंगावर काढू नकोस. हात जोडते, बाई.

ताई


२७ जुलै

चिमे,

बाटल्या रिकाम्या परत आल्या. सोबत तुझा निरोप. लेकीने तो खाली बघत, अडखळत सांगितला. "ताईला म्हणावं, उशीर करायची मला सवयच आहे ना? त्यांच्या वेळी केला, आता माझ्या वेळी करते."

मी लॅबमधल्या स्टुलावर बसूनच राहिले. वाफवाल्या बाईंनी विचारलं, चक्कर आली का? मी हो म्हटलं.

आता खरं लिहिते. वाचून तू आयुष्यात माझं तोंड बघितलं नाहीस तरी चालेल, पण वाच.

मागच्या पत्रात मी लिहिलं की नोंदवहीत विशेष काही सापडलं नाही. खोटं लिहिलं. बागवाल्यांची नोंद सापडली. सापडली तरी कशी म्हणू, ती कुठे आहे ते मला कायमच ठाऊक होतं. इतर पानं उलटत होते आणि त्या पानाकडे मुद्दाम शेवटी गेले.

त्यांनाही साखर होती आणि चार दिवस बारीक ताप होता. ते नको नको म्हणत होते, तरी तू त्यांना बळेच उठवून आणलंस. आणलंस त्याच सकाळी, दहा वाजता, त्यांच्या रक्ताची बाटली माझ्या हातात आली. दुसऱ्या दिवशी बाटली गढूळ झाली, म्हणजे आत काहीतरी वाढत होतं. तेव्हाच काच रंगवून बघायला हवी होती. काच रंगवायचा रंग संपला होता, नवीन वरच्या मजल्यावरच्या कपाटात होता आणि मला तो जिना चढणं जिवावर आलं. एवढंच कारण, चिमे. एक जिना. मी म्हटलं, प्लेटवर बघू. प्लेटवर आधी बारीक ठिपके आले. तिसऱ्या दिवशी सकाळी ते कोरडे दिसायला लागले होते, कडेला सुरकुती धरत होती. मी असं कधी पाहिलं नव्हतं. वेगळं आहे हे मला दिसलं. दिसलं नाही असं मी म्हणणार नाही. पण मागे नवीन प्लेटांची चळत उभी होती आणि नियम माझाच. त्यांच्या नंबरापुढे मी लिहिलं, "कचरा". आणि प्लेट वाफेला दिली. वॉर्डात कळवलं, दूषित नमुना, पुन्हा पाठवा. पुन्हा पाठवेपर्यंत ते गेले.

तुझ्या नवऱ्याच्या नावापुढे माझ्या अक्षरात कचरा लिहिलेलं आहे.

आणि मग मी काय केलं? घर माणसांनी भरलेलं, तुझ्या सासूबाई भिंतीला टेकून बसलेल्या. कुणीतरी विचारलं, असं कसं हो झालं एकाएकी? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण हॉस्पिटलातली मीच. आणि मी म्हटलं, "चार दिवस आधी आणलं असतं तर." तुझ्या देखत. वीटभट्टीवाल्याची प्लेट बघेपर्यंत त्या जंतूचं नाव मला माहीत नव्हतं हे खरं. पण मी काहीतरी टाकून दिलं आहे हे मला त्या क्षणी माहीत होतं. कुणी माझ्याकडे वळायच्या आत मी तुझ्याकडे बोट वळवलं. तुझ्या सासूबाई दीड वर्ष ते एक वाक्य तुला ऐकवताहेत, ते माझं वाक्य आहे.

तू उशीर केला नव्हतास. उशीर लॅबमध्ये झाला आणि तो मी केला.

मॅडमना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, प्लेट उरलेली नाही, त्यामुळे तोच जंतू होता असं छातीठोक म्हणता येणार नाही. वेळेवर औषध मिळून ते वाचलेच असते असंही कुणी सांगू शकणार नाही. पण ताप, साखर, माती आणि मी सांगते ती सुरकुती, हे सगळं जुळतं म्हणाल्या. ते दाखल झाल्यापासून निदान चार दिवस आपल्या हाताशी होते.

आता तुझ्यात हीच लक्षणं दिसताहेत आणि हे दिवसही हातचे चालले आहेत. माझ्यावर सूड उगवायचा असेल तर जिवंत राहून उगव. बाटल्या पुन्हा पाठवते आहे.

ताई


२८ जुलै

चिमे,

बाटल्या सकाळी अकराला मिळाल्या. दोन्ही भरलेल्या, दोन्ही फ्रिजबाहेर ठेवलेल्या. मीच हातात घेतल्या आणि मीच नोंद केली. सोबतची तुझी चिठ्ठी वाचली. दीड वर्षाने तुझं अक्षर बघितलं आणि त्यात चारच ओळी.

"रक्त देते आहे. लेकीसाठी देते आहे, तुझ्यासाठी नाही. तू मला जे लिहिलंस ते माझ्या घरी येऊन सासूबाईंना तोंडाने सांगायचं. कागदावर नाही."

कबूल. सांगेन.

ताई


३० जुलै

चिमे,

तू माझ्या डोक्यावर दोन मजले आहेस आणि मी तुला पत्र लिहिते आहे. लोक हसतील. पण काल वॉर्डाच्या दारात मला बघून तू भिंतीकडे तोंड केलंस, ते मला समजलं. मी आत येणार नाही. पत्र सिस्टर तुझ्या उशाशी ठेवतील.

काय झालं ते तुला कळलंच पाहिजे, म्हणून लिहिते. काल दुपारी बाटली गढूळ झाली. मी तिथल्या तिथे काच रंगवली. रंग होता, आणि नसता तर मी दहा जिने चढले असते. सूक्ष्मदर्शकात बघितलं तर छोट्या छोट्या काड्या, दोन्ही टोकं रंगलेली आणि मधे पोकळ, पत्र्याच्या सेफ्टी पिनांसारख्या. मी खुर्ची सोडून मॅडमना बसवलं. माझ्या डोळ्यांवर माझाच भरवसा नव्हता. त्यांनी बघितलं, लगेच लेकीला फोन केला, वॉर्डात फोन केला, लेक तुला घेऊन आली, आणि संध्याकाळी तुझ्या हातात बरोबर औषधाची सुई होती. प्लेटवर अजून काही उगवायचं होतं तेव्हा! कालच प्लेटवर चकत्याही ठेवल्या होत्या, आज संध्याकाळी त्यांचं उत्तर आलं. दोघींना दाद नाही, तिसरीपुढे मरतो. तोच आहे.

मॅडम म्हणतात, ताप लगेच उतरणार नाही, आठवडा घेईल, घाबरू नका. निदान दोन आठवडे इंजेक्शनं, मग तीन महिने गोळ्या. एकही चुकवायची नाही. बरं वाटलं म्हणून सोडायच्या नाहीत. लेकीने पाटीच करून ठेवली आहे म्हणे.

तुझी प्लेट इन्क्युबेटरमध्ये डावीकडे खालच्या फळीवर आहे. वाफवाल्या बाईंना विचारलं, "ही कधी न्यायची माहितीये ना?" त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगितल्याशिवाय तुमच्या बापालाही हात लावू देणार नाही." रागावू नकोस, त्यांचं बोलणंच तसं आहे.

तुझी अट माझ्या लक्षात आहे.

ताई


११ ऑगस्ट

चिमे,

काल तुझा ताप उतरल्याला तीन दिवस झाले. सिस्टर म्हणाल्या, तू भात मागून घेतलास आणि तो गार आहे म्हणून भांडलीस. हे ऐकून मी जिन्यात बसले आणि रडले. वरून विचारायला आलेल्यांना म्हटलं, गुडघे.

तुझ्या घरी जाऊन आले. आज. लगेच गेले नाही, हेही सांगते, नाहीतर पुन्हा लपवल्यासारखं होईल. मागच्या रविवारी तुमच्या गेटपर्यंत आले होते. आत सासूबाई रोपांना पाणी घालताना दिसल्या. ऐंशीची बाई, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात नळी. मी कडी धरून उभी राहिले आणि परत गेले. परवा पुन्हा आले, कोपऱ्यावरूनच वळले. घरी येऊन स्वतःला शिव्या दिल्या. आज सकाळी लेकीला म्हटलं, मला धरून ने.

त्यांनी मला बाहेरच्या बाकावर बसवलं. मी इकडचं तिकडचं काही बोलले नाही, नाहीतर सुरुवातच झाली नसती. म्हटलं, "तुमच्या मुलाला घेऊन यायला चिमीने उशीर केला नव्हता. त्यांचं रक्त वेळेत माझ्याकडे आलं होतं. मी ते नीट बघितलं नाही. आणि मग तुमच्यासमोर तिच्यावर ढकललं."

ऐकू आलं नाही की काय म्हणून मी पुन्हा सांगितलं. तेव्हा म्हणाल्या, "ऐकू येतंय मला." मग विचारलं, बाटली तुझ्या हातात कधी आली? मी म्हटलं, पहिल्याच दिवशी, सकाळी दहाला. मग तू काय केलंस? सांगितलं. जिन्याचंही सांगितलं. कचरा हा शब्दही सांगितला. त्यांनी तो मला पुन्हा म्हणायला लावला. मी म्हटला. लेक दारात उभी राहून ऐकत होती. तिचा बाप होता तो, चिमे, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. सगळा वेळ मी तुझा आणि सासूबाईंचाच विचार करत होते. तरी परत येताना माझा हात तिने सोडला नाही.

नोंदवहीतला शब्द खोडता येत नाही, तसा नियमच आहे. पण खाली दुरुस्ती लिहिता येते. मी लिहिली. नमुना वेळेत आला होता, प्लेट पुरेसे दिवस ठेवली नाही, नोंद चुकीची. खाली माझी सही, शेजारी मॅडमची. मॅडम म्हणाल्या, वरच्या साहेबांपर्यंत हे जाणार, चौकशी होईल. होऊ दे. झाली तर तिलाही सामोरी जाईन.

तिकडे बाकावर सासूबाईंनी पायाजवळच्या मातीत काठी रोवली. मग म्हणाल्या, "दीड वर्ष मी तिला जेवताना ते ऐकवत होते. जेवताना." मला वाटलं, आता मला दोन शिव्या देतील. बरं वाटलं असतं. त्यांनी पाणीसुद्धा विचारलं नाही आणि ते बरोबरच होतं.

निघताना काठी टेकत गेटपर्यंत आल्या. म्हणाल्या, "तिला सांग, मी उद्या येते." मी दोन पावलं गेले असेन नसेन, मागून हाक मारली.

"नको. तू नको सांगूस. मी तिला काय म्हणायचं ते मीच म्हणेन."

म्हणून हे पत्र मी सिस्टरांकडे देऊन ठेवते आहे आणि सांगितलं आहे, उद्या भेटीची वेळ संपल्यावरच तुला द्यायचं. म्हणजे तू हे वाचते आहेस तेव्हा त्या येऊन गेल्या असतील, आणि तू उशीर केला नव्हतास हे तुला माझ्याआधी त्यांनी सांगितलं असेल.

ताई